घर सुदामा नगरात, विद्यापीठ अमेरिकेत?

‘बाई, सादर नमस्कार. मी ३९ वर्षांची. इंदूरच्या एका खासगी महाविद्यालयात इतिहास शिकवते. एम.ए.ला ५६ टक्के आहेत. जुलैत नेमणूक आणि एप्रिलमध्ये निरोप, असं नऊ वर्षं चाललंय. आता प्राचार्य म्हणतात, पीएच.डी. करा, नाहीतर पुढचं सांगता येत नाही. घरी सासूबाई पॅरालिसिसने अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा सातवीत, मिस्टरांची फिरतीची नोकरी. रोज विद्यापीठात जाऊन बसणं जमणार नाही. फेसबुकवर एक जाहिरात दिसली, फोटो जोडला आहे: घरबसल्या पीएच.डी., १८ महिने, प्रवेश परीक्षा नाही, “यूजीसी मान्य”, फी २ लाख ८५ हजार, हप्त्याने. न्यू जर्सीचा माझा भाऊ म्हणतो, त्या भानगडीत पडू नकोस, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रेडिटेड विद्यापीठाची ऑनलाइन पीएच.डी. कर, पैसे मी भरतो. विषय डोक्यात आहे, होळकर संस्थानातलं मुलींचं शिक्षण. मान्यताप्राप्त आणि जवळजवळ सगळी ऑनलाइन होईल अशी पीएच.डी. कुठे मिळेल? — एक वाचक, सुदामा नगर’

तू मला बाई म्हटलंस, तेव्हा मी तुला अगं-तुगंच करणार.

आधी कडू गोळी देते. भारतात ऑनलाइन पीएच.डी. नावाची चीज नाही. दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. द्यायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २००९च्या नियमांतच बंदी घातली, २०१६च्या नियमांत ती कायम ठेवली, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये जे नवे नियम आले त्यात दूरस्थच्या जोडीला ‘ऑनलाइन’ हा शब्दही घातला. मुक्त विद्यापीठंही यातून सुटलेली नाहीत. इग्नू पीएच.डी. देतं, पण पुस्तकं पोस्टाने मागवून बी.ए. करतात तशी नाही. तेव्हा ‘कुठे मिळेल’ याचं उत्तर इथल्यापुरतं तरी ‘कुठेही नाही’ असंच आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला खरं तर ऑनलाइन पीएच.डी. नको आहे. सासूबाईंची औषधं, मुलाचा डबा आणि तुझे तास सांभाळून होईल अशी पीएच.डी. हवी आहे. ती मात्र मिळते, कायद्याने मिळते. त्याच्याकडे येतेच, पण आधी त्या जाहिरातीचं बघू, कारण तिच्या नादाने पोळलेल्या चार-पाच जणी तरी माझ्या ओळखीत आहेत.

फोटोतल्या नंबरावर मी फोन लावला. तिकडून एक मुलगा बोलला, आवाजावरून चोवीस-पंचवीसचा, फार गोड. म्हटलं, सुनेसाठी विचारतेय. ‘मॅम, आप बस फॉर्म भरवा दीजिए, बाकी हम देख लेंगे.’ पदवी कुठल्या विद्यापीठाची? ‘तीन ऑप्शन हैं मॅम, बजट के हिसाब से.’ गाईड कोण? तो ‘अलॉट’ होतो म्हणे. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचे वर्गातले तास आणि परीक्षा? ‘वो मैनेज हो जाएगा.’ प्रबंध लिहिणार कोण, असं विचारलं तेव्हा दोन सेकंद गप्प झाला, मग म्हणाला, ‘राइटिंग सपोर्ट पॅकेज में इन्क्लूडेड है, मॅम.’ आपल्याकडे पोह्यांवर शेव मागावी लागत नाही, तसा यांच्याकडे प्रबंध. सगळ्यात खटकलं ते हे की त्याने सुनेचा विषय काय, एवढंही विचारलं नाही.

आता त्या ‘यूजीसी मान्य’ची फोड करून सांगते, कारण फसवणूक तिथेच आहे आणि ती अर्धसत्याची आहे. विद्यापीठ खरंच यूजीसीच्या यादीत असू शकतं. म्हणजे त्याला पदव्या द्यायचा हक्क आहे, एवढंच. काही जण पुढे जाऊन ‘डेब अप्रूव्हड’ असंही छापतात. डेब म्हणजे यूजीसीचा दूरस्थ शिक्षणाचा विभाग. तो एकेका अभ्यासक्रमाला परवानगी देतो, बी.ए., एम.बी.ए. वगैरेंना. पीएच.डी. त्याच्या कक्षेतच येत नाही. म्हणजे एखाद्याकडे कारचं लायसन्स आहे आणि तो त्याच्या जोरावर विमानात बसायला बोलावतोय. नॅकची श्रेणी ही तिसरीच गोष्ट. १९९४ साली बंगळुरात स्थापन झालेली ही संस्था महाविद्यालय-विद्यापीठांच्या दर्जाचं मूल्यांकन करते. ‘अ’ श्रेणीच्या विद्यापीठाने नियम मोडून दिलेली पीएच.डी. ‘अ’ श्रेणीची होत नाही, ती नियम मोडलेलीच राहते. आणि आयएसओचं नाव दिसलं तर सरळ पुढे सरक. ते प्रमाणपत्र लोणच्याच्या कारखान्यालाही मिळतं.

१८ महिने वाचल्यावरच तुझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. २०२२च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं लागतात. त्याआधी पदवी देणारा नियमाबाहेरच गेला. हे नुसतं कागदावर नाही. जानेवारी २०२५मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पीएच.डी.चे नवे प्रवेश पाच वर्षं बंद करून टाकले, कारण पदव्या नियम धाब्यावर बसवून वाटल्या जात होत्या. आपल्या शेजारचं छत्तीसगड आठवतंय? २००२च्या एका कायद्याच्या आधारे तिथे बघता बघता शंभरावर खासगी विद्यापीठं उभी राहिली, आणि फेब्रुवारी २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली मुख्य कलमंच रद्द केली. जी विद्यापीठं गेली, त्यांच्यात नाव घातलेल्यांच्या पोटात काय गोळा आला असेल, तो विचार कर. तेव्हा ‘आमचं सेंटर पलासियाला आहे, पण विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं’ असं कुणी म्हटलं, तर चहा पिऊन उठायचं.

ऑक्टोबर २०२२मध्ये यूजीसी आणि तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीई यांनी मिळून जाहीर सूचनाही काढली होती, की एडटेक (ऑनलाइन शिकवणाऱ्या) कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात, त्यांना मान्यता नाही. तरी जाहिराती येतच राहतात. आता तर ‘डीबीए’ म्हणून एक नवा प्रकार निघालाय, डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. कंपनीत साहेब असलेल्यांनी नावाआधी डॉ. लावायला तो घ्यावा, हरकत नाही. इतिहासाच्या बाईंना त्याचा उपयोग शून्य.

भावाचं म्हणणं मात्र या जाहिरातीच्या पंगतीला बसवत नाही. तो खरं सांगतोय. अमेरिकेत ऑनलाइन डॉक्टरेट खरोखर असते आणि ती चोरीछुपे दिलेली नसते. तिथे मान्यता सरकार स्वतः देत नाही, मान्यता देणाऱ्या स्वतंत्र संस्था असतात, आणि त्या संस्थांना तिथलं शिक्षण खातं किंवा ‘चिया’ नावाची परिषद मान्यता देते. म्हणजे विद्यापीठ तपासायचं, मग त्याला तपासणारा कोण तेही तपासायचं, कारण तिथेही खोट्या विद्यापीठांनी खोट्या मान्यतासंस्था काढून ठेवल्या आहेत. चियाच्या आणि शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव टाकलं की दोन मिनिटांत कळतं. वॉल्डन, कॅपेला ही मिनियापोलिसची विद्यापीठं मुख्यतः ऑनलाइनच चालतात आणि त्यांना हायर लर्निंग कमिशन या मान्यतासंस्थेची मान्यता आहे. ब्रिटनमध्ये १९६९पासून ओपन युनिव्हर्सिटी आहे, तिथेही अर्धवेळ पीएच.डी. करता येते. ही सगळी सरळ, नियमातली कामं आहेत.

पण तू राहतेस सुदामा नगरात आणि तुला नोकरी हवी आहे इंदुरात. इथल्या महाविद्यालयात परदेशी पदवी लावायची तर ती इथल्या पदवीशी समकक्ष आहे असा दाखला लागतो. त्याचे नवे नियम यूजीसीने एप्रिल २०२५मध्ये काढले. फ्रँचायझी पद्धतीने घेतलेल्या पदव्या त्यात सरळ बाद आहेत. आणि जी पीएच.डी. इथलं विद्यापीठ ऑनलाइन देऊ शकत नाही, तीच बाहेरून ऑनलाइन घेतली म्हणून इथे डोक्यावर घेतील, यावर मी तरी भावाचे डॉलर लावणार नाही. तू उद्या न्यू जर्सीला स्थायिक व्हायची असशील तर गोष्ट निराळी, मग भावाचंच ऐक.

आता प्राचार्यांकडे वळते. ‘पीएच.डी. करा’ हे वाक्य आजकाल प्राचार्य ‘दार लावून घ्या’ इतक्या सहज म्हणतात. नियम काय आहे? १ जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट (देशपातळीवरची) किंवा सेट-स्लेट (राज्यपातळीवरची) ही पात्रता परीक्षा किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. सहयोगी प्राध्यापक व्हायचं झालं की मग पीएच.डी. लागते. तू पत्रात नेटचं नावही काढलेलं नाहीस, म्हणजे दिलेली नसणार, किंवा एकदा देऊन सोडून दिली असशील. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी नेटला वयाची अट नाही. वयाची अट फक्त फेलोशिपला आहे, ती तुझ्या हातून केव्हाच गेली, आणि फेलोशिप घेतली तर पूर्णवेळच बसावं लागतं, तेव्हा गेली तर गेली. ५५ टक्क्यांची अट तू एका टक्क्याने ओलांडतेस. मध्य प्रदेशची सेट लोकसेवा आयोग घेतो, आणि आयोगाचं कार्यालय आपल्याच गावात, रेसिडेन्सी भागात.

याच्यात एक गंमत आहे, ती फार जणांना ठाऊक नसते. जून २०२४पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. वरच्यांना फेलोशिप, मधल्यांना सहायक प्राध्यापकाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश दोन्ही, खालच्यांना फक्त पीएच.डी. प्रवेश. म्हणजे एकाच अभ्यासात दोन दारं उघडतात. प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. प्रवेशासाठी हे गुण एक वर्षच चालतात, हे लक्षात ठेव. अध्यापनाची पात्रता मात्र कायमची. जी विद्यापीठं स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, त्यांच्या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. तेव्हा मी तुझ्या जागी असते तर १८ महिन्यांच्या जाहिरातीवर घालवलेला वेळ येत्या नेटला घालवला असता.

आणि आता अर्धवेळ पीएच.डी.बद्दल. हा शब्द जाहिरातीत कधी दिसत नाही, कारण त्यात दलालाला काही सुटत नाही. यूजीसीच्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट परवानगी आहे. पदवी तीच, परीक्षा तीच, परीक्षक तेच. फक्त एक कागद जास्त, तू नोकरी करतेस तिथलं ना-हरकत पत्र. त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: अर्धवेळ पीएच.डी. करायला परवानगी आहे, कामाचं स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल असं आहे, आणि गरज पडली तर कोर्सवर्क पुरं करायला मोकळं करू. हा कागद प्राचार्यांकडून आधी मिळव. ‘पीएच.डी. करा’ म्हणणारे गृहस्थ तो द्यायला किती खळखळ करतात, त्यावरून त्यांच्या आग्रहात किती पाणी आहे तेही कळेल. तुझी नेमणूक जुलै ते एप्रिल असते, तेव्हा विद्यापीठ हे पत्र कसं धरतं ते पीएच.डी. विभागात जाऊन विचारून घे. फोनवर नको, फोनवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

घराबाहेर किती दिवस जाणार, त्याचा हिशेब मांडू. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिट्सचं, बहुतेक ठिकाणी एका सत्रात आटोपतं. हे चार-सहा महिने जड जातील, उगाच गोड बोलत नाही. यात तुला तासाला बसावं लागेल आणि ५५ टक्के मिळवावे लागतील. सासूबाईंसाठी दुपारची बाई ठेवायची तर ती याच काळात ठेव. भावाला पैसे द्यायचेच असतील, तर त्या बाईचा पगार त्याच्याकडून घे. त्यात त्याचे डॉलर फार खर्च होणार नाहीत आणि त्याच्या मनालाही बरं वाटेल. कोर्सवर्क झालं की दर सत्राला एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे काम मांडायचं, म्हणजे वर्षातून दोनदा. मधल्या भेटी गाईड आणि तू ठरवाल तशा. फोनवर होतात, व्हिडिओवर होतात, रविवारी सकाळी त्यांच्या घरीही होतात. बाकी सगळं वाचन-लेखन तुझ्या जेवणाच्या टेबलावर, रात्री दहानंतर. काही विद्यापीठं हजेरीची जास्तीची अट घालतात, म्हणून प्रवेशाआधी त्यांचा पीएच.डी.चा ऑर्डिनन्स, म्हणजे नियमावली, काढून वाच. कंटाळवाणा असतो, पण तीस-चाळीस पानांत पुढची सहा वर्षं लिहिलेली असतात.

हो, सहा वर्षं. ती कमाल मर्यादा, त्यावर पुनर्नोंदणी करून दोन वर्षं मिळतात, आणि बायकांना त्याहून दोन जास्त. म्हणजे दहा वर्षांपर्यंत दोरी ताणता येते, पण ताणू नकोस. मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजाही आहे. सासूसंगोपनाची कलमं अजून कुणी लिहिलेली नाहीत.

विद्यापीठ कुठलं? अगं, तुझ्या घरापासून खंडवा रोड किती लांब? देवी अहिल्या विद्यापीठ १९६४पासून इथे आहे, तक्षशिला परिसर तुझ्या रोजच्या भाजी आणायच्या टप्प्यात नसला तरी रिक्षाच्या टप्प्यात आहे. विद्यापीठाच्या शिक्षण विभागांबरोबर संलग्न महाविद्यालयांतही संशोधन केंद्रं असतात, आणि गाईड तिथेही मिळतो. दर वर्षी किती जागा आहेत हे आधी जाहीर करावं लागतं. नियमाप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाने आपल्या गाईडांची आणि त्यांच्याकडच्या विद्यार्थ्यांची नावं, विषय आणि प्रवेशाच्या तारखा संकेतस्थळावर ठेवायच्या असतात. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. यादी बघितलीस की कुणाकडे जागा होईल याचा अंदाज तुला घरात बसून येईल.

यातली सगळ्यात मोठी निवड गाईडची. विद्यापीठ त्याच्या नंतर. माझंच सांगते. १९९१ साली मी नोंदणी केली, दुसऱ्या गावच्या विद्यापीठात. नाव सांगत नाही. सकाळी सहाला सरवटे बस स्टँडवरून गाडी पकडायची, मांडीवर फाइल, फाइलवर डबा. गाईड सज्जन, अक्षर सुरेख, लाल पेन्सिलीने समासात लिहायचे. तीन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी रांगेत उभी राहून त्यांना हार घातला, आणि हार घालता घालता माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण पोरके झालो. नवे गाईड मिळाले, त्यांना माझ्या विषयाचा कालखंडच पटेना. पन्नास वर्षं मागे जा म्हणाले. गेले मागे, काय करते. त्यात सव्वादोन वर्षं गेली. हा त्यांचा दोष की कारकुनाचा की माझा, ते आता सोडून दे. मला आधी एकच प्रश्न विचारायचा होता: सर, तुम्ही निवृत्त कधी होताय? आता नियम बरा झालाय. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या अध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तरी तू विचार. तीन वर्षं चार महिने उरलेला गाईड नियमात बसतो, तुझ्या हिशेबात बसत नाही.

गाईड पारखायची एक युक्ती सांगते, फुकट आहे आणि घरबसल्या होते. शोधगंगा उघड. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेलं हे देशभरच्या प्रबंधांचं भांडार आहे. विद्यापीठ, मग विभाग, मग गाईडचं नाव असं शोधत जा. त्यांच्या हाताखालचे पाच-सहा प्रबंध काढ आणि पहिलं प्रकरण वाचू नकोस, ऋणनिर्देश वाच. लोक प्रबंधात खोटं लिहितील, ऋणनिर्देशात खरं बाहेर पडतं. ‘सरांनी माझं प्रत्येक प्रकरण तीन वेळा परत पाठवलं’ असं लिहिलंय? त्या सरांना आजच मेल कर. ‘वहिनींनी वेळोवेळी केलेल्या चहाचे ऋण’ आहेत? म्हणजे भेटी घरी होतात, ते तुला सोयीचं. पाचही प्रबंधांत शब्द न् शब्द तेच आभार आहेत? मग ऋणनिर्देश जिथे तयार मिळतो, तिथे आणखी काय काय तयार मिळत असेल, ते मी सांगायला नको. नोंदणी आणि सादरीकरणाच्या तारखाही बघ. सगळ्यांचे तीन वर्षं झाल्याबरोबर प्रबंध तयार असतील तर मला संशय येतो, सगळ्यांना नऊ लागत असतील तर दुसराच.

आता तुझा विषय. इथे मला तुला थोडं रागवायचं आहे. होळकर संस्थानातलं मुलींचं शिक्षण, या विषयावर काम करायला अमेरिकेतल्या माणसाला विमानाने इंदूरला यावं लागेल. आणि तू इंदुरात बसून अमेरिका शोधतेस. तुझे कागद इथे आहेत. जुन्या मुलींच्या शाळांची दाखला-खारीज रजिस्टरं मुख्याध्यापिकेच्या कपाटात वरच्या फळीवर असतात, लाल कापडात. मी पाहिली आहेत. मुलीचं नाव, बापाचा धंदा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. कारणाच्या रकान्यात अकराव्या-बाराव्या वर्षी एकाखाली एक ‘लग्न’, ‘लग्न’, ‘लग्न’, आणि मध्येच एक ‘मास्तरीण झाली’. त्या एका ओळीवर तुझं एक प्रकरण उभं राहील. इंग्रजांचा पत्रव्यवहार तर आता घरातून वाचता येतो. मध्य भारत एजन्सीचं मुख्यालय इंदूर रेसिडेन्सीतच होतं, तिचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर त्यातले पुष्कळ चढवलेले आहेत. हे खरं ऑनलाइन. पदवी नव्हे, कागद ऑनलाइन असले की तुझ्यासारखीची सोय होते. भोपाळच्या अभिलेखागारात दोन-चार फेऱ्या मात्र होतील, त्या दिवाळीच्या सुट्टीत धर.

मोडी येते का? नसेल येत तर शीक. मुळाक्षरं दोन आठवड्यांत बसतात, मग हात ओळखायला वर्ष जातं. तुझ्यासारख्या घरात मराठी असलेलीला अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते, कारण अक्षर अडलं तरी शब्द कानाने ओळखता येतो. मुलाखतीला ‘मी मोडी वाचते’ एवढं म्हणालीस तरी समितीतले लोक खुर्चीत पुढे सरकतात. मी समितीत बसलेली आहे, सरकलेली आहे.

म्हणून पहिलं काम हे कर, याच रविवारी. एक पान लिही, दीड नको. काय शोधायचंय, कुठल्या काळातलं, कागद कुठे आहेत. त्यात ‘प्रस्तुत संशोधनाचे महत्त्व’ वगैरे काही नको, ते सगळे लिहितात. मग शोधगंगेवरून निवडलेल्या दोन किंवा तीन गाईडांना ते पान पाठव. तुझ्या अडचणीही सरळ लिही. सासूबाईंचं, वर्षाला तुटणाऱ्या नेमणुकीचं, सगळं. जो ते वाचून ‘बघू नंतर’ म्हणेल तो आपला नाही. जो म्हणेल ‘कालखंड कमी करा’, त्याला धर. आणि त्याच आठवड्यात नेटचा अर्ज कधी निघतोय त्यावर डोळा ठेव.

भावाला माझा नमस्कार सांग. आणि तो जाहिरातवाला मुलगा अजून दर चार दिवसांनी मला फोन करतो, सुनेने काय ठरवलं म्हणून. काल फी २ लाख १० हजारांवर आली होती.